तीस हजार येनचे जेवण आणि मध्यरात्रीची ओनिगिरी

वाचकाचे पत्र, संक्षेपाने: लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून पत्रलेखिका आणि त्यांचे पती गेल्या वर्षी जुलैच्या मध्यात जपानला गेले होते. क्योतोमधील एका नावाजलेल्या उपाहारगृहात पतीने तीन महिने आधीच ‘काइसेकी’ जेवणासाठी, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या दहा पदार्थांच्या पारंपरिक भोजनासाठी, जागा राखून ठेवली होती. किंमत माणशी 30,000 येन. प्रत्यक्षात पत्रलेखिकेचा विरस झाला. पदार्थ दोन-दोन घासांचे होते आणि चवी फिक्या होत्या. ज्या सूपची एवढी ख्याती ऐकली होती ते कोमट निघाले, आणि त्याच्या वाडग्याचे झाकण इतके घट्ट बसले होते की उघडायला सेविकेला बोलवावे लागले. पती प्रत्येक पदार्थाची छायाचित्रे घेत होते आणि सेविकेचे बोलणे फोनवरच्या भाषांतरातून समजून घेण्यातही वेळ जात होता. भाजलेला मासा कडू लागला. भात अगदी शेवटी आला, आणि ‘आणखी वाढू का?’ असे विचारल्यावर अधाशी दिसू नये म्हणून त्यांनी नको म्हटले. बिलात 10 टक्के सेवाशुल्क निघाले. साके या तांदळाच्या जपानी मद्याची छोटी सुरई धरून दोघांचे मिळून 70,000 येनच्या आसपास गेले. नंतर पाहिले तर ‘ताबेलॉग’ या जपानी संकेतस्थळावर त्या उपाहारगृहाला 5 पैकी जेमतेम 3.6 गुण होते. रात्री पती झोपल्यावर त्यांनी जवळच्या दुकानातून ओनिगिरी, म्हणजे समुद्रशैवालात गुंडाळलेला भाताचा गोळा, आणली आणि हॉटेलच्या न्हाणीघरात दार लावून, वेष्टनाचा आवाज होऊ न देता खाल्ली. ‘त्या रात्री मी खाल्लेली सर्वांत चवदार गोष्ट तीच होती,’ असे त्या लिहितात. पती मात्र वर्षभर सर्वांना सांगत आहेत की ते त्यांच्या आयुष्यातले सर्वोत्तम जेवण होते. पत्रलेखिका विचारतात: माझी जीभच अडाणी आहे का? की परदेशी पर्यटक म्हणून आम्हाला फसवले? त्या उपाहारगृहाबद्दल परखड अभिप्राय लिहावा का? पतीशी यातले काहीच त्या बोललेल्या नाहीत.

उत्तर:

प्रिय भगिनी,

जेवण आवडले नाही म्हणजे कोणाचा तरी दोष असलाच पाहिजे, आणि तो एक तर तुमच्या जिभेचा किंवा त्या उपाहारगृहाचा, असे तुम्ही धरून चालला आहात. तुमचे पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटले की तुमची तक्रार एक नाही. कोमट सूप, कडू मासा, उशिरा आलेला भात आणि बिलावरचे 10 टक्के या चार निराळ्या गोष्टी आहेत. एकाच रात्री, एकाच टेबलावर घडल्यामुळे त्या एकमेकींत कालवल्या गेल्या आणि सगळ्या जेवणालाच त्यांची चव लागली. त्या सुट्या करून पाहिल्या तर त्यांतली एक कदाचित खरोखर त्या उपाहारगृहाची चूक निघेल, दोन बहुधा चुकाच नव्हेत आणि चौथीचा जेवणाशी संबंध नाही.

सूपपासून सुरुवात करते. काइसेकीमध्ये झाकणाच्या वाडग्यातून येणाऱ्या या पदार्थाला ‘वानमोनो’ म्हणतात आणि स्वयंपाक्याची खरी परीक्षा त्यातच होते, असे जपानी स्वयंपाकी स्वतःच मानतात. तेव्हा ते कोमट आले असेल तर तुमची नाराजी अगदी रास्त आहे. ‘आपल्याला त्यातले काय कळते’ असे म्हणून ती गिळण्याचे काही कारण नव्हते. मात्र तुम्ही झाकणाविषयी जे जाता जाता लिहिले आहे, त्यापाशी मी बराच वेळ थबकले. लॅकर चढवलेल्या वाडग्यात कढत सूप ओतून लगेच झाकण ठेवले की आतली हवा आणि वाफ तापलेली असते. ती निवू लागली की वाफेचे पाणी होते, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा झाकणाला वरून दाबून धरते. कोमट सूपवर ठेवलेले झाकण असे रुतून बसत नाही. याचा अर्थ, तुमच्या वाडग्यात सूप ओतले गेले तेव्हा ते चांगले गरम होते आणि त्यानंतर ते झाकलेल्या स्थितीत कुठेतरी बराच वेळ थांबले. ते स्वयंपाकघराबाहेरच्या फळीवर थांबले, की तुमच्या समोर, छायाचित्र आणि भाषांतर चालू असताना? पहिली शक्यता खरी असेल तर दोष त्यांचा. दुसरी असेल तर कोणाचाच नाही, कारण वाडगा समोर येताच उघडायचा असतो हे तुम्हाला कोणी सांगितलेले नव्हते. मला इथे बसून याचा निवाडा करता येणार नाही. तो करण्याचा एक मार्ग मात्र तुमच्या घरातच आहे आणि त्याकडे मी शेवटी येईन.

झाकण सोडवण्याची रीत एवढ्यासाठी सांगते की हाच गोंधळ पुष्कळांचा होतो. एका हाताने वाडग्याच्या काठाला दोन्ही बाजूंनी हलकेच चिमटीत धरून दाबावे. काठ किंचित लवतो, फटीतून हवा आत शिरते आणि दुसऱ्या हातातले झाकण बिनबोभाट सुटते. ते लगेच बाजूला न नेता वाडग्यावरच क्षणभर तिरपे धरावे, म्हणजे आत जमलेले थेंब वाडग्यातच पडतात. आणि त्या क्षणी नाक जवळ असू द्यावे. वर ठेवलेली युझू या लिंबासारख्या फळाची साल किंवा सानशो या मसाल्याच्या झाडाचे पान कढत सूपवर जो वास सोडते, तो त्या पहिल्या वाफेबरोबरच येतो आणि जातो.

चवीच्या फिकेपणाबद्दल तुम्ही ‘गरम पाण्यात माशाचा तुकडा’ असे शब्द वापरले आहेत. त्या पाण्याला दाशी म्हणतात. कोम्बू हे वाळवलेले समुद्रशैवाल, आणि कात्सुओ मासा धुरावून, वाळवून लाकडासारखा कडक झाल्यावर काढलेला त्याचा पातळ कीस, ज्याला कात्सुओबुशी म्हणतात, या दोहोंच्या अर्कातून ती होते. क्योतोचे स्वयंपाकी जपानच्या उत्तरेकडील होक्काइदोतल्या रिशिरी बेटाचा कोम्बू पसंत करतात, कारण त्याची दाशी नितळ निघते. 1908 साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी कोम्बूच्या दाशीतूनच ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. कात्सुओबुशीतले इनोसिनेट त्यांच्या शिष्याने, शिंतारो कोदामा यांनी, 1913 साली ओळखले, आणि ही दोन द्रव्ये एकत्र आली की चवीची नुसती बेरीज न होता ती कैक पटींनी वाढते हे पुढे सिद्ध झाले. परंतु ही वाढ तिखट-मिठासारखी जिभेला झोंबत नाही. ती हळूहळू चढते आणि घोट गिळल्यावरही रेंगाळते. म्हणून चांगला स्वयंपाकी या सूपला मीठ असे बेताने लावतो की पहिला घोट थोडा कमी वाटावा आणि शेवटचा नेमका. पहिल्या दोन घोटांवर वाडगा खाली ठेवणाऱ्याला ते अपुरे वाटणारच. तुमच्या बाबतीत तर दाशी निवलेली होती, म्हणजे तिचा वासही गेलेला होता, आणि वास गेलेल्या दाशीत फारसे काही उरत नाही. तेव्हा त्या सूपवरून स्वतःच्या जिभेबद्दल कुठलाच निष्कर्ष काढू नका; जे सूप तुम्ही चाखले ते स्वयंपाक्याला वाढायचे असलेले सूप नव्हतेच.

त्यातला ‘पांढरा मऊ तुकडा’ बहुधा हामो असावा. हा वामेसारखा लांब मासा क्योतोच्या जुलैचा मानकरी आहे, इतका की तिथल्या गिओन उत्सवाला लोक ‘हामोचा उत्सव’ असेही म्हणतात. समुद्रापासून दूर असलेल्या क्योतोत पूर्वी उन्हाळ्यात जिवंत पोचणारा मासा म्हणजे हा चिवट हामो. त्याच्या अंगात बारीक काट्यांचे जाळे असते आणि ते उपसून काढता येत नाहीत. म्हणून खास जड सुरीने मांसावर अगदी जवळजवळ काप देतात, आणि एका ‘सुन’मध्ये, म्हणजे साधारण 3 सेंटिमीटरमध्ये, 24 काप बसले पाहिजेत असा कसबी हाताचा दंडक आहे, तोही खालची कातडी न तुटता. असा तुकडा उकळत्या पाण्यात पडला की फुलासारखा उमलतो. हे तुम्हाला माहीत असते तर तो अधिक रुचला असता का? थोडा असेल, पण फार नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. कोणीतरी कष्ट घेतले म्हणून पदार्थ आवडलाच पाहिजे अशी सक्ती जेवणाऱ्यावर करू नये. हामोची चव मुळातच सौम्य आहे आणि सौम्य चवी ज्यांना प्रिय नाहीत त्यांच्या जिभेला अडाणी म्हणणे हा निव्वळ आगाऊपणा आहे.

कडू माशाचे प्रकरण सोपे आहे. तो आयू असणार: उन्हाळ्यात नदीत मिळणारा, वीतभर किंवा त्याहून लहान मासा, पोहत असल्यासारखा वाकवून सळईवर ओवलेला आणि मीठ लावून भाजलेला. तो आतड्यांसकट खातात आणि त्याचा कडवटपणा हीच त्याची ख्याती आहे. नदीतल्या दगडांवरचे शेवाळ खाऊन तो वाढतो; त्याचा वास आणि ती कडू चव शौकीन लोक हौसेने शोधतात. मी स्वतः पहिल्यांदा खाल्ला तेव्हा पोटाचा भाग शेपटीखाली सरकवून ठेवला होता आणि सेविकेने तो पाहिलाच. तिला त्यात काही वावगे वाटले नाही. पहिल्या भेटीत कडू चव नावडणे हे लहान मुलापासून मोठ्यांपर्यंत सर्वांचे होते, आणि तो अर्धा मासा ठेवून देण्याचा अधिकार 30,000 येनमध्ये नक्कीच समाविष्ट होता.

आता भात. तुमच्या सगळ्या पत्राचा गाभा मला इथे दिसतो. जपानीत ‘काइसेकी’ हा उच्चार एक असला तरी तो दोन वेगवेगळ्या चिन्हांनी लिहिला जातो आणि ती दोन वेगळी जेवणे आहेत. एक जपानी चहाविधीतले: त्या विधीचे आचार्य सेन नो रिक्यू (1522–1591) यांच्या परंपरेतले, एक सूप आणि तीन पदार्थांचे साधे जेवण, पुढे येणारा दाट चहा रिकाम्या पोटी पडू नये एवढ्यासाठीचे. त्यात भात सुरुवातीलाच येतो. दुसरे एदो काळात (1603–1868) काव्यबैठकांच्या निमित्ताने रुजलेले मेजवानीचे जेवण, ज्याच्या केंद्रस्थानी साके असते. क्योतोत संध्याकाळी पर्यटकांना मिळते ते बहुतेक वेळा या दुसऱ्या घराण्याचे असते. साके हीच भातापासून होते, म्हणून ती चालू असेपर्यंत भात येत नाही. ती संपली की भात, मिसो या आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे सूप आणि लोणची एकत्र येतात आणि जेवण उरकते. मधल्या एका पदार्थाचे नावच ‘शीइझाकाना’ आहे, म्हणजे साकेबरोबर आग्रहाने वाढायचे खाणे. आता स्वतःच्या टेबलाकडे या नजरेने पाहा. तुम्ही लिहिता की तुम्ही दोघेही फारसे पीत नाही आणि दोघांत मिळून एकच छोटी सुरई घेतली. म्हणजे सात-आठ पदार्थ तुमच्यापुढे अशा पेयाची सोबत म्हणून येत राहिले, जे तुम्ही घेतच नव्हता. दोन घासांचा, बेताच्या चवीचा पदार्थ घुटक्यांच्या अधूनमधून खायला योग्य असतो. नुसता खाल्ला की तो सुरू होण्याआधीच संपतो. तुम्हाला ते जेवण सतत काहीतरी राहून गेल्यासारखे वाटले, त्याचे कारण तिथे खरोखरच काहीतरी राहत होते.

आणि मग भात आला, बहुधा मातीच्या भांड्यात, टेबलाशेजारीच झाकण उघडून. पोट भरण्याची सोय या जेवणात याच टप्प्यावर केलेली असते. ‘आणखी वाढू का?’ हा प्रश्न तिथे उपचार म्हणून विचारत नाहीत. दुसऱ्यांदा घेणारा पाहुणा स्वयंपाक्याला मनापासून आवडतो, आणि काही ठिकाणी तर भांड्यात उरलेल्या भाताच्या ओनिगिरी वळून पाहुण्यांना बांधून देतात. ज्या एका क्षणी अधाशी व्हायला पूर्ण मुभा होती, नेमक्या त्या क्षणी तुम्ही संकोच केला. मग दोन तासांनी न्हाणीघराच्या फरशीवर बसून, प्लॅस्टिकची मधली पट्टी श्वास रोखून ओढत, तुम्ही तोच भात 200 येनच्या आसपास देऊन परत मिळवलात. ती ओनिगिरी चवदार लागली याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. त्या वेष्टनात समुद्रशैवालाचा पापुद्रा भातापासून वेगळा ठेवलेला असतो, त्यामुळे तो शेवटपर्यंत कुरकुरीत राहतो. भात मिठाचा, पोट रिकामे आणि समोर कोणी पाहणारे नाही. अशा वेळी तिच्याशी स्पर्धा करणे कुठल्याही उपाहारगृहाला जड गेले असते. परंतु तिच्यावरून त्या जेवणाची किंमत ठरवू नका. भुकेल्या माणसाच्या पहिल्या घासाची तुलना कशाशीच करू नये.

फसवणुकीच्या संशयाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तुम्ही दिलेले दोन्ही पुरावे टिकत नाहीत. ताबेलॉगवर गुण फार हात राखून दिले जातात, तिथे 3.5 च्या पुढे गेलेले ठिकाण चांगलेच समजतात आणि 4 ओलांडणारी मोजकीच असतात, त्यामुळे 3.6 ला ‘जेमतेम’ म्हणणे तिथल्या हिशेबाला धरून नाही. जपानमध्ये टिप देण्याची चाल नाही हे खरे, पण स्वतंत्र खोली आणि खोलीत येऊन वाढणारी माणसे असलेल्या महागड्या ठिकाणी 10 ते 15 टक्के सेवाशुल्क नेहमीचे असते. ऑक्टोबर 2019 पासून उपाहारगृहात बसून खाण्यावर 10 टक्के उपभोग कर आहे आणि एप्रिल 2021 पासून ग्राहकाला दाखवायची किंमत करासह दाखवावी लागते, म्हणून कर तुमच्या 30,000 मध्येच होता. सेवाशुल्काची ओळ आरक्षणाच्या पानावर बारीक अक्षरांत असते आणि ती वाचायची राहून जाते. हेही लक्षात घ्या की तुम्ही गेलात तो मुहूर्त गिओन उत्सवाच्या मोठ्या मिरवणुकीच्या, म्हणजे 17 जुलैच्या, आगेमागेचा होता. त्या दिवसांत क्योतोत पाय ठेवायला जागा नसते आणि स्वयंपाकघरांवर ताण असतोच. सूप बाहेरच्या फळीवर थांबले असेल तर ते का थांबले, हे त्यावरून कळू शकते. तरीही एवढे पैसे घेणाऱ्याने गर्दीची सबब सांगू नये, असे माझे मत आहे.

खरी हयगय कशी ओळखावी, हे मात्र सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ वाचकांना काइसेकी प्रथम भेटते ते र्योकान या पारंपरिक निवासात, जिथे रात्रीचे जेवण आणि सकाळची न्याहारी भाड्यातच धरलेली असते. एकाच वेळी अनेक खोल्यांना वाढायचे असल्याने तिथे कधी कधी अर्धे पदार्थ आधीच मांडून ठेवलेले असतात: कडा सुकलेली साशिमी (कच्च्या माशाचे काप), मऊ पडलेला तेंपुरा (पिठात बुडवून तळलेला पदार्थ), एका वेळी चार पदार्थांची घाई. असे काही दिसले तर ते संस्कृतीच्या नावावर खपवून घेऊ नये. तुमच्या पत्रात सूप सोडले तर असे एकही लक्षण नाही. आणि सूप कोमट वाटले तर तिथल्या तिथे, आवाज न चढवता, सेविकेला वाडगा दाखवून ‘नुरुई’ एवढा एक शब्द म्हटला असता, म्हणजे ‘कोमट आहे’, तरी बहुधा दुसरा वाडगा आला असता. जपानी पाहुणे टेबलावर क्वचितच तक्रार करतात, पण म्हणून यजमानांना ती ऐकायची नसते असे नाही. जेवणानंतर ते ‘ओकुची नि आइमाशिता का?’ असे विचारतात, शब्दशः ‘आपल्या मुखाला मानवले का?’. या प्रश्नात पाहुण्याचे तोंड आणि यजमानाचा पदार्थ यांचे जमले की नाही एवढेच विचारलेले आहे. तुमचे त्या रात्री फारसे जमले नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तरही तेवढेच आहे.

अभिप्राय लिहावा का, याबाबत माझा कल नकाराकडे आहे. तुमच्या लेखी जेवण बिघडवणाऱ्या चार गोष्टींपैकी दोन त्या पद्धतीचाच भाग आहेत, एक बिलाची आहे, आणि जी एक खरी तक्रार आहे तिच्याबद्दल तुम्हालाच अजून खात्री नाही. शिवाय वर्ष उलटले आहे, आणि अशा ठिकाणी पदार्थ महिन्यागणिक बदलतात. पुढे कधी असा अभिप्राय लिहायची वेळ आली तर ‘बेचव’, ‘लूट’ असे शब्द बाजूला ठेवून जे घडले ते लिहावे: कोणता महिना, कोणता पदार्थ, तो कसा आला, सांगितल्यावर काय झाले, आपण साके घेत होतो की नाही. तुमच्यासारखी जीभ असलेल्या दुसऱ्या वाचकाला त्यातून ठरवता येते आणि स्वयंपाक्यालाही त्यातून काही कळते.

याच वाटेने जाऊ पाहणाऱ्या इतरांसाठी एक-दोन गोष्टी. पहिले काइसेकी रात्रीचे घेऊ नका. तेच उपाहारगृह दुपारी कमी पदार्थांचे जेवण पुष्कळदा निम्म्याहून कमी किमतीत देते, आणि जमले नाही तरी दिवस हाताशी उरतो. शक्य असेल तर बंद खोलीऐवजी ‘काप्पो’ पद्धतीचे, स्वयंपाक्याच्या समोर ओट्याशी बसायचे ठिकाण निवडा; तिथे सूप मार्गिकेत थांबूच शकत नाही, आणि आयू कसा खायचा हे शेजाऱ्याकडे पाहूनही समजते. साके घेत नसाल तर तसे आरक्षण करतानाच कळवा आणि भात थोडा लवकर आणता येईल का ते विचारा. सगळीकडे मान्य होईल असे नाही, पण विचारण्यात गैर काही नाही. न चालणारे पदार्थही तेव्हाच सांगावेत, कारण खरेदी त्या दिवसाच्या जेवणाऱ्यांपुरती झालेली असते आणि ऐन वेळी बदल करणे कठीण जाते. ऐन वेळी रद्द केल्यास पूर्ण रक्कम भरावी लागते, तेही याच कारणाने. शाकाहारी वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की मासा दिसत नसलेल्या पदार्थातही कात्सुओबुशीची दाशी असते. त्यांनी बौद्ध मठांच्या परंपरेतले ‘शोजिन’ जेवण शोधावे, ज्यात दाशी कोम्बू आणि वाळवलेल्या शिताके अळंबीची असते. आणि वर्धापनदिन, साठी, निवृत्ती अशा एकुलत्या एका रात्रीवर कधीही न चाखलेल्या प्रकारचे जेवण ठेवू नये, असा माझा आग्रह आहे. त्या रात्री माणसाला आवडलेच पाहिजे असे ओझे असते, आणि ओझ्याखाली कडू मासा आणखी कडू लागतो.

राहिले तुमचे पती. तुम्ही त्यांच्याशी बोलला नाहीत, कारण ते जेवण त्यांनी दिलेली भेट होती आणि भेटीला नावे ठेवू नयेत, असे तुम्हाला वाटते. परंतु वर्षभर ते लोकांना त्या जेवणाबद्दल सांगत असताना तुम्ही शेजारी बसून हसता आणि दर वेळी त्या न्हाणीघरात परत जाता, हे पत्रात स्पष्ट दिसते. त्यांचे कौतुक खोटे आहे असे मी मुळीच म्हणत नाही. कदाचित त्यांना हामो खरोखर रुचला असेल. कदाचित तीन महिने आधी राखून ठेवलेली ती संध्याकाळ पार पडली याचाच त्यांना आनंद असेल, आणि कोण जाणे, तेही अर्धपोटी झोपले असतील. त्यांना ‘मला ते जेवण आवडले नव्हते’ अशी सुरुवात करून सांगू नका. ओनिगिरीपासून सुरुवात करा, दार लावून, आवाज न करता खाल्लेल्या त्या घासांपासून. हसू आल्याशिवाय ती गोष्ट सांगता येणार नाही, आणि हसू आले की पुढचे बोलणे सोपे जाते.

त्यानंतर त्यांना त्या रात्रीची छायाचित्रे उघडायला सांगा. प्रत्येक पदार्थाचे घेतले असेल तर झाकलेल्या वाडग्याचेही एक असेल आणि उघडलेल्याचेही, आणि फोन प्रत्येक छायाचित्राची वेळ नोंदवून ठेवतो. त्या दोन वेळांमध्ये एक मिनिटाचे अंतर निघाले तर सूप बाहेरच निवले होते आणि त्या उपाहारगृहावरचा तुमचा राग खरा ठरतो. सात-आठ मिनिटांचे निघाले तर ते तुमच्या दोघांच्या समोर निवले, तुम्ही पडद्यावरचे भाषांतर वाचत असताना आणि ते उजेड कुठून चांगला येतो ते पाहत असताना.